घरचं धरत नाहीत

शाळेचे उपक्रम बघायच्या म्हणून उपक्रमबाई; त्यांनी मनीचं चिंतन परत पाठवलं आणि खाली हिरव्या शाईत लिहिलं, 'अजून खोल जा.'

खोल म्हणजे किती खोल, हे सांगायला बाई तयार नव्हत्या. मनीचे आबा प्लंबर, बाबाही प्लंबर. खोल गेलं की हाताला काय लागतं, हे त्या घरात कुणाला शिकवायला नको होतं. पण बाईंना हवी होती ती खोली वेगळी. त्यांना वाक्याच्या शेवटी डोळ्यांत पाणी हवं होतं.

शाळा नावाजलेली, आणि तिचा डिप्लोमा त्याहून नावाजलेला. तो नुसत्या मार्कांवर मिळत नसे. मुलांनी काहीतरी निर्माण करायचं, अंगमेहनत करायची, समाजाची सेवा करायची, आणि या सगळ्यावर चिंतन लिहायचं: मी काय केलं, मला काय वाटलं, मी कशी बदलले. गणितात पैकीच्या पैकी मिळवा, सेवेचं चिंतन अडलं की डिप्लोमा अडला. मनीने मातीची भांडी करून आणि पोहून बाकीचं उरकलं होतं. भांडी वेडीवाकडी झाली, तर 'अपयशातून शिकले' या वाक्यावर बाईंनी उलट शाबासकी दिली. घोडं पेंड खात होतं ते सेवेपाशी.

खरं तर मनीइतकी सेवा त्या वर्गात कुणीच करत नव्हतं. झटका आल्यापासून आबांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि जीभ जड झाली होती. आई दुकानात काउंटरवर, बाबा लोकांच्या न्हाणीघरांत, म्हणून शाळेच्या आधी आणि नंतर आबा मनीच्या वाट्याचे. दाढी, अंघोळ, भरवणं, आणि भरवल्यानंतरचं सगळं. आबांचं बोलणंही फक्त तिलाच कळायचं. ते घशातल्या घशात काहीतरी गुरगुरायचे, आईबाबा एकमेकांची तोंडं बघायचे, आणि मनी दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "खिडकी लावा म्हणतायत!" त्यातूनच तिने पुढचं ठरवलं होतं. ज्यांची वाचा गेली त्यांना बोलतं करायचं शिक्षण घ्यायचं. तिला तिथे जागाही मिळाली होती. फक्त डिप्लोमा हातात पडायचा होता.

तिने पहिलं चिंतन आबांवरच लिहिलं होतं. साधं, खरं. बाईंनी खोल जा म्हटल्यावर ती खोल गेली आणि चादरींबद्दलही लिहिलं. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, की हे आबा म्हणजे हिचे स्वतःचेच आजोबा. त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत मऊ खुर्च्या होत्या, आणि चिंतन करताना कुणाला रडू आलं तर असावा म्हणून टेबलावर टिश्यूंचा डबा होता.

"छान लिहिलंयस गं," बाई म्हणाल्या, "पण घरचं धरत नाहीत."

"म्हणजे?"

"स्वतःच्या आजोबांचं करणं ही सेवा नाही, बाळ. ते नातं झालं. सेवा परक्याची करायची. मैत्रिणींच्या, ओळखीच्यांच्या घरीसुद्धा चालत नाही. समाज बघ जरा. स्वतःच्या कोशातून बाहेर ये."

मनी सकाळीच आबांची चादर धुऊन आली होती. हातांना अजून साबणाचा वास येत होता. कोश नेमका कुठला, ते तिला कळेना. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. ती 'हो बाई' म्हणाली आणि बाहेर पडली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत झाली होती. घरातला म्हातारा सांभाळून आता बाहेर म्हातारा शोधायचा होता.

तोडगा काढला तो मैनेने. मैना मनीच्याच वर्गातली. आवाज गोड, म्हणून बालवाडीपासून मैना. ती कुणाशीही दोन मिनिटं बोलली की समोरच्याला वाटायचं, ही आपल्यासाठीच जन्माला आली आहे. तिची आजी, माई, तिच्याच घरी राहायची.

"तुझे आबा मला दे, माझी माई तू घे," मैना म्हणाली. मधल्या सुट्टीत डबे बदलावेत तसं. "बाईंना सांगायचं, वस्तीत फिरता फिरता भेटले. कोण बघायला जातंय?"

"आणि कळलं तर?"

"तर दोघींचीही सेवा रद्द. म्हणून तर कळू द्यायचं नाही."

मनीने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. इथेच तिने शेण खाल्लं. पण त्या वेळी तिला ते शेण वाटलं नव्हतं, युक्ती वाटली होती.

माईंकडचा कारभार तर नुसती गंमत होती. माई आयुष्यभर मुख्याध्यापिका होत्या आणि अजून त्यांच्या गुडघ्यांना ती बातमी पोचली नव्हती की वय झालंय. मनी पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवलं.

"माझी सेवा करणार म्हणे? हात धुतलेस? मग बस, पत्ते पिस."

माई पत्त्यांत धडधडीत लबाडी करायच्या आणि पकडलं तर मोठ्यांचा मान राखायला सांगायच्या. चिंतनाची वेळ आली की स्वतःच मजकूर सांगायच्या. "लिही, म्हातारी एकटी भिंतीशी बोलत बसायची. तू आलीस आणि भिंतीची सुटका झाली." मनीने त्यातलं दुसरं वाक्य गाळलं आणि पहिलं सजवून लिहिलं. बाईंनी खाली हिरव्या शाईत लिहिलं, 'सुंदर!' ते बघून मनीला आनंद झाला नाही. दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसं झालं.

मैना मात्र आबांकडे मोबाइलची तिवई घेऊन आली. आल्या आल्या तिने खोली न्याहाळली, औषधाच्या बाटल्या पुढे घेतल्या, कॅलेंडर काढून ठेवलं आणि घरच्यांचा भिंतीवरचा फोटोही उतरवला.

"तो कशाला?" मनीने विचारलं.

"फोटोत फोटो आला की बघणाऱ्याचं लक्ष जातं गं."

मग तिने आबांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "यांना आत्ता चमचा धरता येतो ना?"

"येतो. सांडतो थोडा."

"मग शेवटचा फोटो आधी काढून घेऊ. चिंतनात प्रगती दिसायला लागते. सुरुवातीला मी भरवतेय, शेवटी ते स्वतः खातायत. पुढे हात गेलाबिला तर शेवटचा फोटो मिळायचा नाही."

आबा ऐकत होते. त्यांची जीभ जड होती, कान नव्हे. मनीने त्यांची दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, आणि आबांनी चमचा धरून हसरा चेहरा केला. हसू अर्ध्याच तोंडाला आलं, पण मैना म्हणाली की तेच जास्त चांगलं दिसतंय. 'सुरुवातीच्या' फोटोसाठी तिने सांगितलं, की आता आठवडाभर दाढी करू नकोस.

आठवड्याने ती आली. आबांचे खुंट वाढले होते, केस विस्कटलेले होते. भरवताना हनुवटीवर ओघळ आला. मनी टॉवेल घेऊन पुढे झाली.

"थांब थांब, पुसू नको! राहू दे," मैना कॅमेऱ्यामागून म्हणाली.

आणि मनी थांबली. हातात टॉवेल घेऊन, आबांच्या हनुवटीकडे बघत, फोटो निघेपर्यंत ती उभी राहिली. आबांची आजवर हजार वेळा घाण काढली तरी तिने नाक मुरडलं नव्हतं, पण त्या घडीला तिला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

मैना गेल्यावर तिने आबांचं तोंड नीट गरम पाण्याने पुसलं. आबा गुरगुरले. बाहेरच्याला तो निव्वळ घरघर आवाज वाटला असता. मनीला शब्द न् शब्द कळला.

"तुझं काम होतंय ना? मग होऊ दे. जन्मभर लोकांच्या घाणीत हात घातले मी. हे काय, धुतलं की झालं."

मैनेचं चिंतन साऱ्या शाळेत उत्तम ठरलं. का ठरणार नाही? मनी पहाटे उठून करायची ते सगळं त्यात होतं. दाढी करताना लुळा गाल आतून जिभेने फुगत नाही म्हणून बोटाने ताणावा लागतो, हेसुद्धा होतं. मैनेने फक्त 'मी' घातला होता. परत पाठवलेलं मनीचं चिंतन बाईंना आठवलंही नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि बीळ दाखवणारी मनीच. बाईंनी ठरवलं, की डिप्लोमाच्या मुलांचा जो कार्यक्रम असतो त्यात मैनेने हे स्टेजवर वाचायचं. सोबत आजोबांनाही आणायचं. पालकांना, पाहुण्यांना खरा बदल डोळ्यांनी दिसला पाहिजे.

मग सुरू झालं ताकाला जाऊन भांडं लपवणं. कार्यक्रमाला मनीचे आईबाबा येणार, आबाही येणार, पण एकमेकांचे म्हणून नाही. बाबांनी आबांची चाकाची खुर्ची गेटपर्यंत ढकलत आणली आणि तिथे मैनेच्या हातात दिली. मग रस्ता ओलांडून पलीकडे थोडा वेळ उगाच उभे राहिले, आणि नंतर आत येऊन शेवटच्या रांगेत आईशेजारी बसले. स्वतःच्या बापाला ओळख न दाखवता बसलेला माणूस कसा दिसतो, ते मनीने त्या दिवशी पाहिलं. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

मनी पुढे बसली होती, माईंशेजारी. माई आज तिची 'वस्तीतली एकाकी म्हातारी' होत्या.

"माझी नात वर बोलणार आणि मी तिला ओळखायचं नाही," माई पुटपुटल्या. "शाळा मीही चालवली, पण ही थेरं नव्हती बाई."

पडद्यावर फोटो आला. हनुवटीवर ओघळ, खुंट, कोरी भिंत. हॉलभर हळहळ उठली. हळहळण्याचा तो आवाज मनीला ऐकवेना. मैना वाचू लागली. आवाज मधात घोळलेला.

"आबांना कुणी नव्हतं. त्या खोलीत दिवसच्या दिवस कुणाचं पाऊल पडत नव्हतं. त्यांचं बोलणं समजून घ्यायला कुणाकडे वेळ नव्हता. मग एक दिवस मी त्या खोलीत गेले..."

मनीने मागे पाहिलं. आईने डोळ्यांना रुमाल लावला होता. बाजूच्या बाईने कौतुकाने तिच्या पाठीवर हात फिरवला; तिला वाटलं, चिंतन ऐकून रडतेय. स्टेजवर आबा खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर चादर, आणि समोरच्या माणसांकडे बघत होते. त्यांना कुणी नव्हतं हे ऐकताना त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मनीचं काम होत होतं ना.

पडद्यावर शेवटचा फोटो आला. दाढी केलेले, चमचा धरून हसणारे आबा. टाळ्यांचा कडकडाट झाला. उपक्रमबाई टिश्यूने डोळे टिपत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आता आजोबांच्याच तोंडून दोन शब्द ऐकू या. मैना, तू आम्हाला समजावून सांग हं. त्यांची भाषा तुलाच कळते."

मैनेने माइक आबांच्या तोंडाशी धरला. आबा गुरगुरले. लाउडस्पीकरमधून तो आवाज हॉलभर घुमला.

"आबा म्हणतायत," मैना हसून म्हणाली, "ही पोर आली आणि माझं घर भरलं."

टाळ्या. मनी ताठ झाली. आबा म्हणाले होते, "मने, मला लघवीला लागलीय."

आबा पुन्हा बोलले, जरा घाईने. "मने, चल. राहवत नाही."

"ते म्हणतायत, देवाने मला या वयात नात दिली."

पुन्हा टाळ्या. सगळा हॉल मोबाइल वर धरून उभा. मनी उठली तर सगळं उघडं पडणार. मैनेची सेवा जाणार, तिची स्वतःची जाणार, सेवेबरोबर डिप्लोमा आणि डिप्लोमाबरोबर ती जागा. ती खुर्चीच्या कडेला आली आणि तिथेच बसली. किती वेळ बसली, तिला पुढे कधी सांगता आलं नाही. फार नसेल. पण म्हाताऱ्या माणसाला पुरेल इतका होता.

"मने!" आबा माइकमध्ये ओरडले. हे मात्र आख्ख्या हॉलला कळलं असतं, कुणी ऐकलं असतं तर.

मनी धावली. पायऱ्या चढून वर पोचली तेव्हा चादरीचा खालचा काठ काळा पडला होता आणि फळ्यांवरून बारीक ओघळ मैनेच्या पांढऱ्या बुटांकडे निघाला होता. मैनेने तो पाहिला, टुणकन मागे उडी मारली आणि नाक दाबलं. आख्ख्या उपक्रमात तिने केलेली ती पहिली खरी गोष्ट. टाळ्या पुढून मागे अशा विरत गेल्या.

"मनी, तुझं काय इथे? खाली जा," उपक्रमबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "कार्यक्रम चालू आहे."

"मी त्यांची नात," मनी म्हणाली. माइक चालूच होता.

मागच्या रांगेतून बाबा आले. आता ते कुणाकडेच बघत नव्हते, सरळ आले आणि खुर्चीचे दांडे धरले. माई पुढच्या रांगेत उभ्या राहून मोबाइल धरलेल्यांवर खेकसल्या, "खाली करा ते! लाज नाही वाटत?" मुख्याध्यापिकेचा आवाज होता, हात खाली आले.

शाळेच्या स्वच्छतागृहात मनीने आणि बाबांनी आबांना धुतलं. आईने कुठूनतरी खेळाच्या सरांची पँट मागून आणली. बाबा नळाचं पाणी कोमट होतंय का ते बघत होते. मनी आबांच्या पायांशी बसून मोजे काढत होती तेव्हा आबा बोलले.

"चुकलं माझं. जरा वेळ धरून ठेवायला हवं होतं. तुझं काम बिघडलं."

मनीला वाटलं होतं, आबा रागावतील. आबांना कुणी नाही, असं भर सभेत वाचलं गेलं. लाजेने मान खाली गेली असेल. आणि आबा कशाची माफी मागत होते, तर म्हाताऱ्या मूत्राशयाची. तिने त्यांचे ओले मोजे पिळले आणि पिळतच राहिली.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"पाणी बरं वाटतंय म्हणाले."

बाहेर आल्या आल्या व्हरांड्यात उपक्रमबाई उभ्या होत्या. डोळे अजून लाल होते.

"नियम मोडलात तुम्ही दोघींनी," बाई म्हणाल्या. "दोघींचीही सेवा रद्द होते. माझ्या हातात काही नाही." मग त्या एक पाऊल पुढे आल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "पण मनी, आज जे झालं ना, ते किती खरं होतं! मी इतकी वर्षं हेच मागतेय मुलांकडे. हे लिही. सगळं लिही. तो क्षण, तो ओघळ, तू खुर्चीत बसून राहिलीस तेव्हा काय वाटलं, आजोबांची ती अवस्था बघून काय वाटलं. चिंतनाच्या विषयांच्या आपल्या यादीत नैतिक पेच आहेच. असं चिंतन दिलंस तर वरच्यांशी मी स्वतः बोलते. तुझी सेवा धरायला लावते. अगदी खोल जा."

खोल म्हणजे हे. आबांच्या चादरी धुताना मनीला कधी ओकारी आली नव्हती. ती आत्ता आली, घशापर्यंत आली, आणि तिने ती गिळली. या बाईंना आबांची लाजसुद्धा हवी होती. ती पानावर लिहून, मथळा देऊन, खाली 'मी काय शिकले' जोडून हवी होती. आणि त्याच्या बदल्यात त्या खरोखरच डिप्लोमा देणार होत्या.

आबा खुर्चीत हलले आणि गुरगुरले. "लिही. ऐकतेस ना? लिही. माझं काय जातंय? धुतलं की झालं."

"काय म्हणतायत आजोबा?" बाईंनी वाकून विचारलं.

मनीने आबांकडे पाहिलं. आबांनी डाव्या हाताने तिला खूण केली, सांग म्हणून.

"घरी चला म्हणतायत," मनी म्हणाली.

आबांचे डोळे मोठे झाले. ते पुन्हा बोलले, जोर लावून, सुटे सुटे, जणू बाईंनाही कळावं. लुळ्या ओठातून थुंकी उडाली. मनीने खिशातून रुमाल काढला आणि त्यांची हनुवटी पुसली.

"आता काय म्हणाले?"

"तेच. घरी चला."

बाबांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी खुर्चीचा ब्रेक काढला आणि ती गेटाकडे वळवली.